उपाशी पेशी जास्त जगते का? (आईची एकादशी आणि एक फॉरवर्ड)

कोरांटी | शनिवार, रात्री १०:१२

परवा एकादशीला पहाटे ५:१० वाजता आमच्या खानदानी व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड आलं. "उपवासाला नोबेल! जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केले, उपवासात पेशी स्वतःचा कचरा खातात, कॅन्सर पळतो. आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते." त्यावर आईचा अंगठा तात्काळ.

आई ७२ वर्षांची, वजन ४१ किलो. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, शिवाय चातुर्मासात एकभुक्त. गेल्या महिन्यात देवघरापुढून उठताना भोवळ येऊन पडली. हाड वाचलं, कपाळाला टाके पडले. मी पोटासाठी यीस्टवर काम करते, म्हणजे त्या जपानी गृहस्थांच्या शेजारच्याच गल्लीत माझा संसार. ग्रुपवर बोलले असते तर काकांनी "शिकली म्हणून शहाणी झाली" म्हटलं असतं. म्हणून इथे.

आधी नोबेलचं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली ते मिळालं, हे खरं. पण त्यांनी उपाशी ठेवलं होतं यीस्टला, माणसाला नाही. उपाशी यीस्टमध्ये पेशी आपलेच जुने तुकडे पिशवीत भरून विरघळवते, हे त्यांनी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि मग ते घडवून आणणारी जनुकं हुडकली. या प्रकाराला ऑटोफॅजी म्हणतात. महिन्यातून किती दिवस उपास करावा, कॅन्सर पळतो का, यातलं काहीही त्या कामात नाही.

पण फॉरवर्डच्या बुडाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती फॉरवर्डपेक्षा सुरस आहे. पेशीला कळतं कसं, की आज घरात दाणे आहेत की नाहीत?

पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन असतं. बँकेतला लॉकर आठवा. एक किल्ली बँकेची, एक आपली, दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. एमटॉरचं तसंच. पहिली किल्ली अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं पचून जे उरतं त्याची. ल्युसिन आलं की ते ओळखणारं एक प्रथिन, आर्जिनिन आलं की ते ओळखणारं दुसरं. त्यांनी होकार दिला की एमटॉर लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या कचरा विरघळवणाऱ्या पिशवीच्या, पाठीवर जाऊन बसतं. दुसरी किल्ली इन्शुलिनची आणि त्याच्या भावकीतल्या वाढ-संप्रेरकांची. दोन्ही फिरल्या की पेशीत फर्मान सुटतं: बांधकाम काढा! नवी प्रथिनं, नवी चरबी, पेशीचं आकारमान वाढवा. आणि त्याच फर्मानात ऑटोफॅजी बंद. घरात लग्न निघालेलं असताना माळा आवरायला कोण घेतं?

उलट बाजूला एएमपीके नावाचं दुसरं प्रथिन. पेशीतली ऊर्जा खालावली की हे जागं होतं, एमटॉरला दामटून बसवतं आणि भंगार काढायला लावतं. म्हातारपणी पेशीत जो गाळ साचतो, वाकडीतिकडी झालेली प्रथिनं, दमलेली मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली वीजघरं), तो या भंगारवाल्याची फेरी चुकल्याने साचतो, असा सगळा तर्क आहे.

तर्क म्हणतेय, पण यीस्ट, कृमी, माशी, उंदीर या चौघांतही एमटॉरचा आवाज कमी केला की आयुष्य वाढतं. चौघांना जोडणारा पूर्वज कोट्यवधी वर्षांमागचा, तरी यंत्रणा तीच. हे आठवलं की प्रयोगशाळेत एकटी असताना अजूनही अंगावर काटा येतो.

माणसाचं काय, हा खरा प्रश्न. त्यावर बोलू. चुभूद्याघ्या.

---

फोडणीचा भात | शनिवार, रात्री १०:३१

एकादशी आणि दुप्पट खाशी करणाऱ्यांचं एमटॉर कुठल्या मजल्यावर असतं? विचारतोय मित्रासाठी. मित्राने परवा दोन ताटल्या खिचडी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड चकत्या खाल्ल्या.

---

कोरांटी | शनिवार, रात्री १०:४०

भात, मित्राला सांगा, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने इन्शुलिनची किल्ली फिरली. वर दाण्याचं कूट, त्याने अमिनो आम्लांची. खिचडीच्या एकाच ताटलीत लॉकर उघडला. पेशीला तुमची एकादशी कळलीच नाही.

---

मामलेदार | शनिवार, रात्री ११:०५

लेख चांगला आहे, पण एक शंका. मी ७२च्या दुष्काळात दहा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायचो, दुष्काळी मदतीची सुकडी आणि तो लाल मिलो (ज्वारी) खाऊन दिवस काढले. तुमच्या हिशेबाने आमच्या गावातली माणसं शंभरी गाठायला हवी होती. माझ्या पिढीतले निम्मे साठीच्या आत मधुमेहाने आणि हृदयविकाराने गेले. कमी खाल्ल्याने आयुष्य वाढतं हे पोट भरलेल्यांचं शास्त्र वाटतं.

---

कोरांटी | रविवार, सकाळी ८:२०

मामलेदार, रात्री तुमचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. दोन भागांत उत्तर देते.

पहिला भाग: हे सगळं सुरू झालं अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात. १९३५ साली क्लाइव्ह मॅके आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना खुराक तोडून दिला. उंदीर खुरटे राहिले, पण जास्त जगले. मात्र मॅकेंनी त्यांचे कॅलरी तोडले होते, जीवनसत्त्वं आणि क्षार तोडले नव्हते. म्हणजे खाणं कमी पण चौरस. सुकडी आणि मिलोला चौरस कोण म्हणेल? शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराला ना हिवताप, ना क्षय, ना खडी फोडायची. कुपोषणात आधी प्रतिकारशक्ती जाते आणि माणूस म्हातारा व्हायच्या आधीच मरतो.

दुसरा भाग तुमच्या मधुमेहाचा. तो पुण्याच्याच माणसाने सांगितलाय, त्यावर डॉक्टरांपैकी कुणी लिहिलं तर बरं. ओपीडी तीन, आहात का?

---

ओपीडी तीन | रविवार, दुपारी २:४५

आहे. रविवारचं जेवून लवंडलो होतो, कोरांटीताईंनी उठवलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचं पोट, दंड, स्नायू सगळं लहान. पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही! दिसायला काडी, आतून तुपाळ.

याज्ञिकांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटोच छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. माझ्या ओपीडीत मी हा फोटो लावून ठेवलाय. "मी कुठे जाड आहे डॉक्टर?" म्हणणाऱ्यांना नुसतं बोट दाखवतो.

मामलेदार, आता तुमच्या गावाकडे या. पोटात असताना आणि लहानपणी ज्या शरीराने दुष्काळाची तयारी केली, त्याला चाळिशीत तालुक्याच्या बाजारात जिलबी, मोटारसायकल आणि बसकी नोकरी मिळाली. टंचाईसाठी लावलेली यंत्रणा सुबत्तेत सापडली. मधुमेह न होता तरच नवल. आणि भूक कधी लागली, कितव्या वर्षी, यालाही किंमत आहे. पाळण्यातली उपासमार आणि पन्नाशीतला मिताहार या एकच गोष्टी नव्हेत.

---

घारे डोळे | रविवार, संध्याकाळी ६:१०

मग दीक्षित पद्धतीचं काय? मी दीड वर्ष करतेय, दोन वेळा जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. ११ किलो कमी झाले, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१ वरून ६ वर. इथले लोक उगाच नाकं मुरडतात.

---

फोडणीचा भात | रविवार, संध्याकाळी ६:१४

झालं! दीक्षित आले, आता दर दोन तासांनी खाणारे दिवेकरवाले येतील, धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (एमटॉर, माफ कर.)

---

ओपीडी तीन | रविवार, संध्याकाळी ७:०२

घारे डोळे, अभिनंदन, मनापासून. वारंवार खाल्लं की वारंवार इन्शुलिन सुटतं, ते कमी करा, हा त्यामागचा मूळ विचार आणि तो या धाग्याला धरूनच आहे. जाड माणसाचं वजन उतरलं, साखर उतरली, यापेक्षा मला डॉक्टर म्हणून अजून काय हवं? फक्त "माझी साखर सुधारली" आणि "माझं म्हातारपण लांबलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचा कागद तुमच्याकडे आहे. दुसऱ्याचा जगात कुणाकडेच नाही.

आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना कुणी परस्पर जेवणं कमी करू नका. साखर खाली जाऊन बेशुद्ध पडलेले पेशंट मी पाहिलेत.

---

एडिसनकर | सोमवार, पहाटे ४:५०

न्यू जर्सीतून वाचतोय. इथे जिममधला एकजण आठवड्यातून एकदा रॅपामायसिनची गोळी घेतो, "आयुष्य वाढवायला". ऑनलाइन डॉक्टर लिहून देतो म्हणे. पन्नाशीचा आहे, धडधाकट. हे औषध म्हणजे तुमच्या एमटॉरचंच काही का?

---

कोरांटी | सोमवार, रात्री ९:३५

एडिसनकर, तुम्ही या गोष्टीच्या अगदी जवळ राहता. जरा ऐसपैस सांगते, ही माझी लाडकी गोष्ट आहे.

१९६४ साली कॅनडातून एक जहाज ईस्टर बेटावर गेलं. तिथले लोक बेटाला रापा नुई म्हणतात. अनवाणी फिरणाऱ्या बेटकऱ्यांना धनुर्वात का होत नाही, असा एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला प्रश्न होता, म्हणून त्याने ठिकठिकाणची माती गोळा केली. ती माती पुढे माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिथे होते सुरेंद्रनाथ सेहगल. आताच्या पाकिस्तानातल्या खुशाबचा जन्म, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात, मग इंग्लंड, मग कॅनडा. त्या मातीतल्या एका जिवाणूने बनवलेलं रसायन त्यांनी १९७२ साली वेगळं काढलं आणि बेटाच्या नावावरून ते रॅपामायसिन झालं. आधी वाटलं, बुरशीवरचं औषध मिळालं. मग कळलं, हे तर प्रतिकारशक्तीच दाबतंय. कंपनीचा रस संपला.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि सेहगल न्यू जर्सीत प्रिन्स्टनला गेले. जाताना त्यांनी तो जिवाणू आइस्क्रीमच्या डब्यात घालून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. वर लिहिलं होतं, "खाऊ नका!" काही वर्षांनी कंपनीची मालकी बदलली, त्यांनी पुन्हा पाठपुरावा केला, आणि १९९९ साली मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. सेहगल २००३ साली कॅन्सरने गेले. स्वतःच्या आजारात ते हेच औषध घेत होते.

(आणि बेटकऱ्यांना काय मिळालं? नाव सोडून काही नाही. हे मला सलतं.)

दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरात जो हाइटमन, मायकेल हॉल आणि आपले राव मोव्वा यांनी १९९१ साली यीस्टमध्ये शोधलं की हे औषध नेमकं कशाला जाऊन चिकटतं. त्याला नाव दिलं टॉर, रॅपामायसिनच्या लक्ष्याची इंग्रजी आद्याक्षरं. सस्तन प्राण्यांतलं टॉर म्हणजेच आपलं एमटॉर. पण जर्मनमध्ये टोर म्हणजे वेस. बाझलच्या जुन्या तटबंदीची श्पालेनटोर नावाची वेस अजून उभी आहे, हाइटमन तिच्याजवळ राहायचे आणि तीही त्यांच्या डोक्यात होती. मी त्या शहरात तीन वर्षं होते. रोज त्या वेशीतून सायकल काढायचे आणि नावाचा हा किस्सा मला कळला पुण्याला परत आल्यावर!

मग २००९. अमेरिकेत तीन ठिकाणी एकाच वेळी उंदरांना रॅपामायसिन खाऊ घातलं. औषध खाद्यात टिकेना, ते टिकवायची युक्ती सापडेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीचे. आता काय उपयोग, तरी देऊन बघू म्हणून दिलं. माद्यांचं कमाल आयुष्य १४ टक्क्यांनी वाढलं, नरांचं ९. साठीला सुरू करूनही! तेव्हापासून हे खूळ आहे.

---

ओपीडी तीन | सोमवार, रात्री १०:२०

वा! डब्याची गोष्ट माहीत नव्हती.

एडिसनकर, आता कडू भाग. मूत्रपिंड बदललेले रुग्ण हे रोज घेतात, त्यांच्यात तोंडात फोड, कोलेस्टेरॉल वाढणं, साखर वाढणं, जखम उशिरा भरणं हे नेहमीचं. हो, साखर वाढते. म्हणजे ज्या इन्शुलिनच्या वाटेवर आपण खूष आहोत, तीच वाट हे औषध जादा घेतलं की बिघडवतं. आठवड्यातून एकदा घेतल्याने त्रास कमी होतो असं दिसतं. २०१४ साली याच जातीचं एक औषध कमी मात्रेत देऊन वृद्धांमध्ये फ्लूच्या लशीला प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारला, तेव्हा सगळे उड्या मारत होते. पुढे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी २०१९ साली फसली. तुमचा जिमवाला स्वतःवर प्रयोग करतोय, वही न ठेवता.

---

सुगरण | मंगळवार, सकाळी ११:१५

वाचतेय सगळं. आमच्या ह्यांचं मेटफॉर्मिन चालू आहे, तेही आयुष्य वाढवतं असं ऐकलं. खरं का? नसलेल्यांनीही घ्यावं का?

---

ओपीडी तीन | मंगळवार, दुपारी ३:३०

सुगरणताई, मधुमेह असेल तर उत्तम गोळी, स्वस्त, जुनी. पेशीतल्या वीजघरावर किंचित दाब आणून ती एएमपीकेला जागं करते, म्हणून इथे तिचं नाव निघतं. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१४ साली असं दिसलं की ती घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही थोडे जास्त जगले. डेन्मार्कच्या नोंदींत पुढे ते दिसलं नाही. उंदरांच्या त्याच तीन-ठिकाणी चाचणीत एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्य लक्षणीय वाढलं नाही. आणि वयस्कर निरोगी लोकांना व्यायामाबरोबर दिलं तर स्नायू कमी भरले. तेव्हा मधुमेह नसताना नको.

यजमानांचं बी१२ तपासून घ्या. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते घटतं, आणि शाकाहारी घरात आधीच तोकडं असतं.

---

मामलेदार | मंगळवार, रात्री ९:५०

उंदीर, कृमी, यीस्ट झालं. माकडांचं काय? आणि माणसाचं, आकड्यात?

---

कोरांटी | बुधवार, रात्री १०:०५

माकडांवर अमेरिकेत दोन प्रयोग चालले, १९८०च्या दशकाअखेरीपासून. विस्कॉन्सिनवाल्यांनी २००९ साली सांगितलं, कमी खाणारी माकडं जास्त जगली. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने २०१२ साली सांगितलं, आमची नाही जगली. बरीच खडाजंगी झाली. शेवटी दोघे एकत्र बसले आणि २०१७ साली ताळमेळ लावला. विस्कॉन्सिनच्या खुराकात साखर रग्गड, आणि तुलनेतली माकडं हवं तेवढं खात होती. दुसरीकडे खुराक चांगला, आणि तुलनेतल्या माकडांनाही मोजूनमापून. म्हणजे हादडणाऱ्याने कमी केलं तर फायदा मोठा, बेताने खाणाऱ्याने अजून कमी केलं तर उरलासुरला.

माणसांत कॅलरी नावाची दोन वर्षांची चाचणी झाली, २१८ धडधाकट लोक, जाड नसलेले. २५ टक्के खाणं कमी करायचं ठरलं होतं, जमलं सुमारे १२ टक्के. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्शुलिनचं काम सुधारलं. आयुष्य वाढलं का ते दोन वर्षांत कळत नाही.

तुम्हाला आवडेल असं एक उदाहरण इक्वेडोरचं आहे. तिथल्या डोंगरांत काही कुटुंबांना वाढ-संप्रेरकाचा निरोपच पेशींना पोचत नाही, म्हणजे लॉकरची दुसरी किल्ली जन्मतःच मंद. उंची साडेतीन-चार फूट. २०११ साली छापलेल्या अभ्यासात अशा ९९ जणांत मधुमेह एकालाही नाही आणि कॅन्सर फक्त एकीला. पण ते जास्त जगत नाहीत. अपघात, दारू आणि आकडीने जातात.

---

घारे डोळे | बुधवार, रात्री १०:४०

कोरांटी, मूळ मुद्दा राहिला. आईचं काय झालं?

---

कोरांटी | गुरुवार, सकाळी ७:५५

हो. तिला मी ल्युसिनपासून सुरुवात करून समजावलं. म्हणाली, "मी हे पेशींसाठी करत नाही." संपला विषय, असं वाटलं.

मग मी वाद सोडून आकडे बदलले. तिच्या वयात स्नायू गळत असतात आणि ते टिकवायला एमटॉरच लागतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ५० ते ६५ वयात भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांचे मृत्यू जास्त होते आणि पासष्टीनंतर बरोबर उलट. ४१ किलोच्या बाईने भंगार काढायचं म्हणजे घराच्या भिंती विकायच्या. हे तिला नाही, तिच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिला सांगितलं. डॉक्टरांचं ऐकलं, लेकीचं नाही.

तह असा झाला: एकादशी राहील, पण सकाळी दूध, दुपारी दाण्याची आमटी आणि वरईचा भात, रात्री राजगिऱ्याचे लाडू आणि दही. निर्जळ काही नाही. सोमवार सुटला. संकष्टीवर बोलणी चालू आहेत.

---

मामलेदार | गुरुवार, रात्री ९:२०

दाण्याची आमटी म्हणजे शहाणपणाचा उपास. माझ्या आईचाही तोच असे.

---

कोरांटी | गुरुवार, रात्री ११:००

मामलेदार, तुमच्या पहिल्या प्रश्नाला एक जोड राहिली होती. २०२४ साली ९६० उंदीरमाद्यांवरचा अभ्यास आला, मुद्दाम सरमिसळ वंशाच्या. पोटभर खाणाऱ्या सरासरी २५ महिने जगल्या, ४० टक्के कमी खाणाऱ्या ३४ महिने. इथवर आपलं फॉरवर्ड खूष. पण आत शिरलं तर खाण्यापेक्षा वंशाचा वाटा मोठा निघाला. आणि उपाशी गटातही ज्यांचं वजन सर्वांत कमी उतरलं, त्या सर्वांत जास्त जगल्या. झपाट्याने वाळलेल्या लवकर गेल्या.

---

फोडणीचा भात | गुरुवार, रात्री ११:०८

म्हणजे उपास करूनही माझं वजन उतरत नाही, ही चांगली बातमी?

---

ओपीडी तीन | गुरुवार, रात्री ११:१५

तुमच्या बाबतीत ती खिचडी आहे.